दोन हिवाळे पुढचं लाकूड

पुण्यात थंडी म्हणजे काय, तर कपाटातला स्वेटर बाहेर काढायचं निमित्त. पारा आठ-दहा अंशांवर आला की पेपरात बातमी, सोसायटीच्या कोपऱ्यावर वॉचमनकाकांची शेकोटी आणि "काय थंडी पडलीये यार!" म्हणत टपरीवर एक चहा जास्तीचा. 'गुलाबी थंडी' हा शब्द ज्याने कोणी काढला, त्याला घर गरम ठेवायचं बिल कधी आलं नसणार एवढं नक्की.

इथे न्यू हॅम्पशायरमध्ये ते बिल येतं. ऑक्टोबरच्या मध्यापासून एप्रिलच्या अखेरपर्यंत, म्हणजे जवळजवळ अर्धं वर्ष, घर गरम करावंच लागतं. जानेवारीत रात्री उणे पंधरा, उणे वीस अगदी सहज (सेल्सिअस बरं का!). त्यामुळे घर गरम ठेवणं ही इथे चैन नाही. माणसं एकवेळ चार गोधड्या घेऊन झोपतील, पण भिंतीतल्या पाण्याच्या पाइपांना गोधडी कोण घालणार? ते गोठतात, फुटतात आणि मग बर्फ वितळला की घरभर पाणी.

हा आमचा इथला चौथा हिवाळा आणि आमचं घर लाकडावर चालतं. होय, लाकडावर. दिवसभर मी 'क्लाउड'वर काम करतो आणि संध्याकाळी लॅपटॉप मिटला की हातमोजे चढवून अंगणातल्या ढिगातून सरपण आत आणतो. बाबांना पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "त्यासाठी अमेरिकेला कशाला जायला पाहिजे होतं? इस्लामपुरात काय लाकडं नव्हती?" मित्रही अधूनमधून विचारतात की हे नक्की प्रकरण काय आहे, स्वस्त पडतं का, धूर होत नाही का. म्हणून आज निवांत लिहायला बसलोय.

तर झालं असं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघं इथे राहायला आलो. कीन नावाच्या गावापासून अर्ध्या तासावर, मोनॅडनॉक डोंगराच्या अलीकडे, शंभरेक वर्षं जुनं लाकडी घर. भाडं परवडण्यासारखं, इंटरनेट चांगलं, शेजारीच घरमालक. घरमालक म्हणजे शहात्तर वर्षांचे एक रिटायर्ड गृहस्थ. त्यांनी घर दाखवताना तळघरात नेलं आणि एका भल्यामोठ्या लोखंडी टाकीकडे बोट दाखवलं. २७५ गॅलनची टाकी, म्हणजे हजारेक लिटर. त्यात हीटिंग ऑइल भरायचं. हे ऑइल म्हणजे जवळजवळ डिझेलच. बर्नर ते जाळतो, घर गरम होतं. सोपं.

सोपं होतं ते ऑइलचा भाव बघेपर्यंत. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर डिझेल आणि हीटिंग ऑइलचे भाव भडकले आणि त्या वर्षी न्यू इंग्लंडमध्ये गॅलनला पाच डॉलरच्या वर गेले. टाकी एकदा भरायची म्हणजे बाराशे-तेराशे डॉलर! आणि एका टाकीत हिवाळा निघत नाही. शिक्षणाचं कर्ज फेडणाऱ्या, इकडे भाडं आणि तिकडे घरी पैसे पाठवणाऱ्या माणसाने हे आकडे जेवणाआधी बघू नयेत.

घरमालक म्हणाले, "हॉलमध्ये लाकडाचा स्टोव्ह आहे तो वापरा. पण यंदाचं लाकूड घ्यायला तुम्हाला उशीर झालाय." ऑगस्टमध्ये? जानेवारीच्या थंडीसाठी ऑगस्टमध्ये उशीर झाला? मला वाटलं म्हातारबुवा चेष्टा करताहेत. ते चेष्टा करत नव्हते. ते पुढे येईलच.

आधी हिशोब. इंजिनियर माणसाला एक्सेल शीट उघडल्याशिवाय ऊबसुद्धा लागत नाही. :)

इथले लोक उष्णता 'बीटीयू'मध्ये मोजतात. आपण सगळं आपल्या ओळखीच्या विजेच्या युनिटमध्ये आणू. एक गॅलन ऑइलमध्ये साधारण साडेचाळीस युनिट उष्णता असते. आमचा बर्नर त्यातली ८५ टक्के घरात आणतो असं धरलं, तर हाती लागतात चौतीस-पस्तीस युनिट. पाच डॉलर भावाने युनिटला साडेचौदा सेंट.

लाकूड इथे 'कॉर्ड'वर विकतात. आपल्याकडे वखारीत मणावर मिळायचं, इथे मापावर. चार फूट उंच, चार फूट खोल आणि आठ फूट लांब, म्हणजे १२८ घनफूट रचलेली थप्पी. त्यात फटी धरून. ओक किंवा मेपल अशा जड लाकडाच्या वाळलेल्या कॉर्डमध्ये सुमारे सात हजार युनिट उष्णता असते. स्टोव्ह त्यातली ७० टक्के घरात सोडतो, म्हणजे ४९०० युनिट. वाळलेल्या कॉर्डला आमच्याकडे ३७५ डॉलर मोजावे लागले. युनिटला पडले पावणेआठ सेंटच्या आत. ऑइलच्या जवळजवळ निम्मे!

वीज? आमच्या बिलात सगळं धरून युनिटला पंचवीस सेंटच्या आसपास. साधा विजेचा हीटर लावला तर सगळ्यात महाग. हीट पंप असेल तर तो एका युनिट विजेत अडीच युनिट उष्णता बाहेरून आत ओढून आणतो, मग दहा सेंट पडतात. तो पर्याय चांगलाच आहे, पण भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडून तो बसवायचा निर्णय आपला नसतो.

म्हणजे एक कॉर्ड लाकूड बरोबर सुमारे १४० गॅलन ऑइल. हा आकडा लक्षात ठेवला की दरवर्षी निर्णय सोपा होतो. ऑइल पाच डॉलर असेल तर कॉर्डची किंमत सातशे डॉलर, ती ३७५ ला मिळतेय, घ्या! ऑइल साडेतीनवर आलं की तीच कॉर्ड पाचशेच्या खाली. फायदा उरतो, पण धुराडं साफ करायचा खर्च आणि आपली कंबर हिशोबात धरली तर फार काही उरत नाही. आम्हाला हिवाळ्याला साधारण साडेतीन कॉर्ड लागतात. महाग ऑइलच्या वर्षी बाराशे डॉलर वाचतात, स्वस्त ऑइलच्या वर्षी साडेचारशे. 'लाकूड म्हणजे फुकट' असं जो सांगतो त्याने एकतर स्वतःचं जंगल बाळगलेलं असतं किंवा स्वतःच्या मजुरीला शून्य किंमत दिलेली असते.

आता ऑगस्टच्या उशिराची गोष्ट. ताजं तोडलेलं लाकूड म्हणजे अर्धं पाणी. ओकची एक ओली कॉर्ड वाळताना सुमारे सहाशे किलो पाणी सोडते. गच्चीवरची पाचशे लिटरची काळी टाकी आठवा, ती भरून वर पाच-सहा बादल्या. हे पाणी जर लाकडातच राहिलं तर ते उकळून वाफ करायला उष्णता खर्च होते, किलोमागे पाऊण युनिट. पण खरं नुकसान त्याहून वेगळं आहे, आणि मला ते कळायला जरा वेळ लागला.

लाकूड 'लाकूड' म्हणून जळतच नाही मुळी. ते तापलं की त्यातून वायू सुटतात आणि ते वायू जळतात. तीच ज्वाळा. उरलेला कोळसा म्हणजे निखारे. लाकडातल्या उष्णतेतला निम्म्याहून जास्त वाटा या वायूंचा. ते नीट जळायला सहाशे अंशांच्या आसपास तापमान लागतं. ओलं लाकूड आगीचं तापमान पाडतं, मग वायू न जळताच धुराड्यातून वर जातात. म्हणजे तुम्ही पैसे दिलेली निम्मी उष्णता धूर होऊन गावाला वाटता! वर जाताना हा धूर थंड धुराड्याला चिकटतो आणि डांबरासारखा थर बनतो. त्याला म्हणतात क्रिओसोट. एक दिवस एखादी ठिणगी तिथे पोचते आणि धुराड्याच्या आतच आग लागते. जुन्या लाकडी घरात ती कुठवर जाईल हे सांगायला नको.

म्हणून नियम : लाकडात ओल वीस टक्क्यांच्या आत हवी. ॲश नावाचं झाड तुलनेने लवकर वाळतं. (ॲशची झाडं सध्या फार मरताहेत. एमराल्ड ॲश बोरर नावाचा हिरवा किडा २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडला, २०१३ मध्ये न्यू हॅम्पशायरला पोचला. जळणाच्या लाकडातून तो गावोगाव फिरतो, म्हणून इथे सगळे सांगतात की जळण लांबून आणू नका.) मेपलला एक उन्हाळा पुरतो कसाबसा. ओकला फोडून, रचून, वरून झाकून आणि बाजू वाऱ्याला उघड्या ठेवून दोन उन्हाळे लागतात. म्हणजे येत्या हिवाळ्याचं लाकूड गेल्याच्या गेल्या वर्षी घ्यायचं! ऑगस्टमध्ये 'सुकं' म्हणून जे विकतात त्यातलं बरंचसं सहा महिन्यांपूर्वीचं असतं. त्या पहिल्या हिवाळ्यात आम्ही लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या विटा आणल्या. कोरड्या, रचायला सोप्या, पण लाकडापेक्षा महाग. उरलेलं ऑइलवर काढलं. पुढच्या मे महिन्यात मात्र पहिली ओली कॉर्ड अंगणात येऊन पडली.

कोळशाचं काय, असं कोणी विचारेल. आमच्या तळघराच्या भिंतीत एक छोटं लोखंडी दार आहे. बाहेरून त्यातून कोळसा ओतायचे आणि आत लाकडी खणात तो साठायचा. घरमालक लहान असताना हे घर कोळशावरच चालायचं. तेव्हा ते काही वेगळं नव्हतं. १९४० च्या जनगणनेत अमेरिकेतली तीन चतुर्थांशांहून जास्त घरं कोळशावर किंवा लाकडावर गरम होत होती, आणि त्यात कोळसा निम्म्याहून अधिक. इकडच्या घरांत यायचा तो पेन्सिल्व्हेनियाचा अँथ्रासाइट. कठीण, चमकदार, जळताना जवळजवळ धूर नाही. १९०२ मध्ये तिथल्या खाणकामगारांनी मे महिन्यात संप केला. ऑक्टोबर उजाडला तरी मिटेना, आणि शहरांसमोर कोळशाविना हिवाळा उभा राहिला. शेवटी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना मध्यस्थीला उतरावं लागलं. घराची ऊब हा केवढा मोठा राजकीय प्रश्न असतो बघा.

अँथ्रासाइट अजूनही मिळतो. एका टनात लाकडाच्या एका कॉर्डपेक्षा थोडी जास्तच उष्णता, जागा मात्र कितीतरी कमी. एकदा भरला की बारा तास बघायला नको. पण त्याला स्टोव्ह वेगळा लागतो. लाकूड राखेच्या गादीवर सुखाने जळतं, कोळशाला खालून जाळीतून हवा पाहिजे. लाकडाच्या स्टोव्हमध्ये कोळसा घालणं धोक्याचं. राखही खूप, आणि ती बागेत घालता येत नाही. शिवाय तेवढ्याच उष्णतेसाठी ऑइलपेक्षा चाळीस टक्के जास्त कार्बन डायऑक्साइड. घरमालकांनी त्या खणात आता सफरचंदं आणि बटाटे ठेवलेत. मला ते आवडतं.

असो. आता धुराबद्दल, कारण खरा प्रश्न तोच होता.

२०२४ च्या नोव्हेंबरात आई आली, पाच महिन्यांसाठी. आईचं माहेर वाळव्याच्या बाजूचं. लग्नाआधी चूल, लग्नानंतरही बरीच वर्षं चूल, आणि अंघोळीच्या पाण्याला बंब. मला बंब आठवतो तो सणासारखा : तांब्याची लख्ख टाकी, मधल्या नळीत चिपाडं आणि ढलप्या, सकाळचा तो खरपूस वास. आईला आठवतो तो वेगळा. पहाटे पाचला उठून फुंकणीने फुंकत बसणं, डोळ्यातून पाणी आणि छातीत खोकला. तो खोकला थंडीत अजूनही परत येतो. डॉक्टरांनी तिला धुरापासून लांब राहायला सांगितलंय.

आणि आम्ही पैसे वाचवायला लाकूड जाळत होतो.

ती यायच्या आधी बायकोने सरळ विचारलं, "आई असेपर्यंत ऑइलच चालवायचं का?" हिशोब केला. पाच महिने, पूर्ण ऑइल, म्हणजे आठ-नऊशे डॉलर जास्त. तिच्या तिकिटाच्या जवळपास. पण फुप्फुस आणि डॉलर एका एक्सेल शीटमध्ये बसत नाहीत. आम्ही ठरवलं, आई येऊ दे, बघू, एकदा जरी खोकला वाढला तरी स्टोव्ह बंद.

आईने आल्या आल्या स्टोव्हची तपासणीच केली. मी कौतुकाने ओल मोजायचं यंत्र दाखवलं. लाकूड फोडायचं, आतल्या ताज्या बाजूला दोन टोकं टोचायची, आकडा येतो. अठरा टक्के! आईने दोन ढलप्या हातात घेऊन एकमेकींवर आपटल्या. ठण्ण. "वाळलंय," ती म्हणाली. मग ढिगाच्या तळातली तिसरी घेतली. तिचा आवाज आला थप्प. "आरं, हे वलं हाय अजून." मीटर लावला, सव्वीस टक्के. माझं यंत्र चाळीस डॉलरचं होतं. असो!

मला वाटलं आता ती जुन्या दिवसांबद्दल काहीतरी छान बोलेल. ती म्हणाली, "धूर बघायला बरा असतो, गिळायला नाही. हे पेटल्यावर मी भाईर जाऊन बघणार." आणि खरंच, जॅकेट, माकडटोपी आणि माझे बूट घालून ती अंगणात उभी राहिली आणि धुराड्याकडे बघत बसली. पहिली पंधरा-वीस मिनिटं धूर होता. मग पातळ झाला. मग नुसती हवा थरथरताना दिसली, उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर दिसते तशी.

त्यामागे तंत्र आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, म्हणजे ईपीएने, १९८८ मध्ये पहिल्यांदा लाकडाच्या स्टोव्हना धुराची मर्यादा घातली. २०१५ मध्ये ती कडक केली आणि २०२० पासून नव्या स्टोव्हला ताशी दोन ते अडीच ग्रॅमपेक्षा जास्त धूळकण सोडता येत नाहीत. आमच्या स्टोव्हच्या छताजवळ भोकं पाडलेल्या नळ्या आहेत. त्यातून तापलेली ताजी हवा येते आणि न जळलेला धूर तिथे दुसऱ्यांदा जळतो. निळसर ज्वाळा अधांतरी नाचताना दिसतात. चुलीचा धूर घरात राहायचा, इथे बंद दार आणि वर ओढणारं धुराडं आहे.

पण प्रश्न तिथे संपत नाही. घरात धूर नाही म्हणजे तो कुठेतरी गेला. कीन गाव डोंगरांच्या वाटीत बसलंय. हिवाळ्यात काही रात्री थंड हवा खाली अडकते, वर गरम हवेचं झाकण बसतं आणि सगळ्या गावाच्या स्टोव्हचा धूर त्या वाटीत साचतो. अशा दिवसांसाठी राज्याचं पर्यावरण खातं हवेचा इशारा देतं. आईसारखी छाती असलेलं कोणीतरी तिथेही असणारच. तेव्हापासून आमच्या घरी नियम झाला : इशाऱ्याच्या दिवशी ऑइल. त्या हिवाळ्यात असे दिवस मोजकेच आले. त्याची किंमत जी काय होईल ती आम्ही हिशोबात आधीच धरून टाकलीय. आणि रात्री हवेची झडप घट्ट मिटून लाकूड धुमसत ठेवायचं नाही. लहान, धगधगीत आग, मग विझू द्यायची. आईचा खोकला त्या हिवाळ्यात वाढला नाही. वाढला असता तर स्टोव्ह बंद झाला असता, एवढं खरं.

कोणी करणार असेल तर चार गोष्टी सांगतो, कारण यात गंमत नाही.

एक, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. या वायूला वास नाही, रंग नाही. उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत. आपल्याकडे बंद बाथरूममधल्या गॅस गीझरनेही तेच होतं. आमच्याकडे प्रत्येक मजल्यावर एक आहे. पुण्यात गीझर असेल तर तिथेही हवा खेळती आहे का ते आजच बघा.

दोन, राख. वरून गार दिसली तरी आत निखारे दोन-तीन दिवससुद्धा जिवंत राहतात. झाकणाची पत्र्याची बादली, आणि ती घराबाहेर, लाकडी ओट्यावर अजिबात नाही.

तीन, धुराडं वर्षातून एकदा साफ करून घ्यायचं. तपासणीसकट.

चार, आणि ही सगळ्यात स्वस्त : आधी घराच्या फटी बुजवा. आम्ही एका वाऱ्याच्या दिवशी उदबत्ती घेऊन खिडक्यांभोवती फिरलो. धूर जिथे आडवा झाला तिथे फट! खिडक्यांना आतून पारदर्शक प्लॅस्टिक लावून हेअर ड्रायरने ताणून बसवलं, दारांना पट्ट्या, तळघराच्या कडेला फोम. दीडशे डॉलरच्या आत काम झालं आणि पुढच्या वर्षी अर्धी कॉर्ड कमी लागली. जळण कुठलंही असो, भोक असलेल्या रांजणात पाणी भरण्यात अर्थ नाही.

उघडी फायरप्लेस मात्र नुसती बघायला. ती घरातलीच गरम हवा धुराड्यातून बाहेर ओढून नेते आणि लाकडातली उष्णता घराला जेमतेम दहा टक्के देते. हिंदी सिनेमातल्या हिरो-हिरॉइनना ती पुरते कारण त्यांना फक्त एक गाणंभर बसायचं असतं.

गेल्या दोन वर्षांपासून ऑक्टोबरातले दोन शनिवार मी गावातल्या 'वुड बँके'त जातो. अशा बँका न्यू इंग्लंडमध्ये बऱ्याच गावांत आहेत. वादळात पडलेली झाडं, कोणी दिलेले ओंडके एका आवारात येतात, गावकरी ते फोडून रचतात आणि ज्यांना परवडत नाही त्यांना फुकट देतात. माझं काम रचायचं. तिथे लाकूड न्यायला येणारे बहुतेक म्हातारे असतात. जास्त बोलत नाहीत. एका बाईंना मी गाडीत लाकूड भरून देत होतो, तर त्या म्हणाल्या की यामुळे या महिन्यात औषधं पूर्ण घेता येतील. माझ्यासाठी युनिटला सात सेंट की चौदा सेंट हा शीटमधला एक रकाना आहे. त्यांच्यासाठी तो औषध की ऊब असा आहे. तेव्हापासून मी ही थप्पी जरा जास्त काळजीने रचतो, फटी ठेवून, म्हणजे वारा फिरेल.

राहता राहिला ओक. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या एप्रिलमध्ये, घरमालक कुंपणाशी आले. त्यांच्या ओळखीचा माणूस हिरवा ओक कॉर्डला २५० ने देत होता. चार कॉर्ड. पण तो पेटवायचा २०२६-२७ च्या हिवाळ्यात. नेमकं त्याच महिन्यात आमच्या टीममधली निम्मी माणसं कमी झाली होती. नोकरी गेली तर एच-वन-बी वाल्याला मुदत ६० दिवसांची. ६० दिवसांत देश सोडावा लागू शकतो आणि समोर प्रश्न काय, तर दोन हिवाळे पुढचं लाकूड घ्यायचं का!

बायको म्हणाली, "आपण सोफासुद्धा जुना घेतलाय, न्यायला लागला तर फेकता येईल असा." खरं होतं. परदेशात अशी वर्षं काढताना माणूस सगळंच तात्पुरतं घेतो. भांडी, पलंग, मैत्रीसुद्धा कधी कधी. मी घरमालकांना तसं स्पष्टच सांगितलं. ते म्हणाले, "मी शहात्तरचा होतो तेव्हा तुम्ही आलात. आता एकोणऐंशीचा आहे. मीही घेतोय." मग जरा थांबून म्हणाले, "तुम्ही गेलात तर वाळलेल्याच्या भावाने मी विकत घेईन. ओक पडून राहिला तर महागच होतो."

घेतला. मे महिन्यातले तीन शनिवार-रविवार आम्ही दोघं रचत होतो. थप्पीच्या टोकाच्या एका ढलपीवर बायकोने मार्करने लिहून ठेवलं, 'ओक, मे २०२५', मराठीत. आता त्यावर बर्फ साचलाय, म्हणजे झाकणावर. खालचं लाकूड वाऱ्याला वाळतंय. नोकरी आजच्या तारखेला आहे, व्हिसाचा कागद कुठल्यातरी रांगेत आहे. मध्यंतरी एक ढलपी फोडून मीटर लावला, एकतीस टक्के. आईला फोनवर आकडा सांगितला. ती म्हणाली, "आकडा नको, वाजवून दाखव."

वाजवलं. थप्प.

"आजून एक उन्हाळा," आई म्हणाली.